एवढ्याशा ओरखड्यासाठी

गाडी फाटकातून आत घेताना डावी बाजू खांबाला घासते. बंपरला तडा जातो, रंग उडतो. माणसांना मात्र काही होत नाही. अशा वेळी घरातून पहिला उद्गार बहुधा असा येतो : “विमा आहे ना? मग काळजी कशाची!” वर्षानुवर्षे हप्ते भरले, तेव्हा त्यांतले थोडे तरी पदरात पडावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि वाचकहो, विमा कंपनीला दावा कळविण्यापूर्वी त्याच दिवशी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसावे, अशी आमची सूचना आहे.

आपल्या पॉलिसीत हप्त्याचे दोन भाग दिसतील. एक, त्रयस्थाच्या हानीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये तो सर्वांना सक्तीचा आहे. दुसरा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. ‘नो क्लेम बोनस’ नावाची सूट मिळते ती या दुसऱ्या भागावर. एक वर्ष दाव्यावाचून गेले की २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशी ही प्रचलित चढण आहे. जिना एकेक पायरीने चढावा लागतो. दावा केला की मात्र माणूस एकदम तळाशी येतो. (‘दावा’ म्हटले की कोर्टकचेरी आठवते, म्हणून बहुतेक जण ‘क्लेम’ म्हणतात. आम्हांला आपला शब्दच बरा वाटतो.)

आता बिल पाहू. समजा, नवा बंपर ४,००० रुपये, मजुरी १,५०० आणि रंगकाम २,४००; एकूण ७,९००. बंपर प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिकवर कंपनी निम्मा घसारा धरते. म्हणजे २,००० आपले. रंगकामाच्या बिलापैकी पाव भाग सामानाचा मानून त्याच्यावरही निम्मा घसारा. ते ३०० आपले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. त्याहून मोठ्या गाडीला २,०००. गाडी लहान धरली तरी हाती येतात ४,६०० रुपये.

आणि जाते काय? या गृहस्थांना सध्या ३५ टक्के सूट आहे आणि त्या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे, असे धरा. दावा न केल्यास पुढील वर्षी सूट ४५ टक्के होऊन ५,५०० भरावे लागतील. केल्यास पुरते १०,०००. पहिल्याच वर्षी ४,५०० गेले, म्हणजे मिळालेले जवळजवळ सगळे परत गेले! त्यापुढील वर्षी एकीकडे ५,०००, तर दुसरीकडे ८,०००. नंतर हा फरक २,५००, १,५००, ५०० असा आटत जाऊन संपतो. पाच वर्षांची बेरीज १२,००० रुपये. गाडीची विमा-किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा काहीसा कमी भरेल. आणि मध्येच दुसरा मोठा अपघात झाला तर बोनस तेव्हा जाणारच होता. तरीही तराजू कुठे झुकतो, ते स्पष्ट आहे.

सगळ्यांचे गणित असेच सुटेल, असे मात्र नाही. गाडी पहिल्याच वर्षात असेल तर गमावण्यासारखे थोडेच असते. वरील पद्धतीने ती बेरीज ५,००० होते. याच वर्षी आधी एक दावा झाला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. दुसऱ्या दाव्याने तो आणखी जात नाही. कोणी जादा हप्ता देऊन घसारा माफ करून घेतलेला असतो, त्याच्या हाती अधिक रक्कम येते. बोनस मात्र त्यानेही जातोच. बोनस राखून ठेवणारी पुरवणी निराळी असते. आपण कशासाठी पैसे मोजले आहेत, हे पुष्कळांना पॉलिसी उघडेपर्यंत ठाऊक नसते.

हा सगळा हिशेब केवळ ओरखड्यांचा. कोणी जखमी झाले, दुसऱ्याच्या गाडीचे वा भिंतीचे नुकसान झाले, तर कळवायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही, ताबडतोब कळवावे. धडक समोरून बसली असेल तर बंपर वरून साधा दिसला, तरी आत रेडिएटर फुटलेला असू शकतो. म्हणून प्रथम गॅरेजमध्ये दाखवून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. दुरुस्ती मात्र लगेच सुरू करू नये. दावा करायचा ठरला, तर कंपनीच्या सर्वेक्षकाने गाडी आहे त्या स्थितीत पाहिलेली बरी.

गॅरेजमध्ये एक सल्लाही फुकट मिळतो : “मागच्या दाराचा जुना पोचाही यातच दाखवून टाकू.” तो ऐकू नये. खांबाला डावी बाजू घासली असता उजव्या दारावर पोचा कसा आला, हे सर्वेक्षक विचारतो, आणि मग खऱ्या नुकसानीवरही शंकेची छाया पडते. तसेच कंपनी बदलताना आधीचा दावा लपवून बोनस मागितला आणि ते उघडकीस आले, तर ऐन अपघातात स्वतःच्या गाडीची भरपाई गमावण्याची पाळी येते.

साठवलेला बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकली, तर कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते नव्या गाडीला लागू होते. पॉलिसीची मुदत संपल्यावर मात्र ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर ओरखडाही न पडता तो बुडतो.