बेस गिटारीचा कान

तंबोऱ्याची तार मधोमध छेडली तर स्वर भरीव येतो. घोडीजवळ छेडली तर तोच स्वर पातळ आणि तिखट होतो. वाशीम-कारंजाकडच्या भजनांत एकतारी धरणाऱ्याच्या बोटांनाही हें ठाऊक असतें. विजेच्या बेस गिटारींत मात्र छेडण्याची जागा एक आणि ऐकण्याची दुसरी. आणि तिच्या स्वभावाचें बरेंचसें रहस्य या दुसऱ्या जागेंत आहे.

या गिटारीचें अंग बहुधा भरीव लाकडाचें. भोपळ्याचा घुमारा तिला नाहीं. तारांखालीं बसविलेला पिकअप हाच तिचा कान. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. येथें एक मौज पाहा. हाच पिकअप मिरजेच्या तंबोऱ्याखालीं धरला, तर जोडीच्या पोलादी तारा बोलतील, पण पितळेचा खर्ज जवळजवळ मुकाच राहील!

आतां जागेचें गणित. तार अखंड हेलकावा घेतेच, शिवाय दोन, तीन, चार भागांतही त्याच वेळीं कंपते. त्या भागांचे उपस्वर मूळ स्वरांत मिसळतात. ३४ इंचांच्या मोकळ्या तारेवर घोडीपासून साडेआठ इंचांवर, म्हणजे चतुर्थांशावर, चार भागांतील कंपाचा एक निश्चल बिंदु येतो. तेथें कान ठेवला तर तो उपस्वर ऐकूंच येत नाहीं. घोडीकडे सरकावें तसा मूळ स्वराचा हेलकावा लहान होतो व उपस्वर पुढें येतात. आवाज रेखीव, पण कृश. गळ्याकडे सरकावें तसा तो गोल व जड.

लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसवर एकच पिकअप होता. १९५७ सालीं त्याचे दोन तुकडे होऊन दोन-दोन तारांना एकेक तुकडा आला. वेढे व चुंबक परस्परांच्या उलट असल्यानें विजेची घरघर आपोआप मारली जाते. १९६० च्या जॅझ बेसला दोन स्वतंत्र पिकअप मिळाले. दोन्ही एकदम उघडले कीं कांहीं उपस्वर एकमेकांना खातात, कारण एका जागीं तार वर असते तेव्हां दुसऱ्या जागीं खालीं.

रिसोड-मंगरुळपीरच्या मंडपांत वाजविणारा एखादा तरुण, आवाज नुसता धपधप येतो म्हणून, शहरांतून महागडा पिकअप मागवूं पाहतो. माझ्या मतें त्यानें पैसे तूर्त खिशांतच ठेवावेत. दोन पिकअप असतील तर घोडीजवळचा अधिक उघडावा, एकच असेल तर छेडणारा हात मागें न्यावा, स्क्रूनें पिकअपची उंची थोडी बदलून पाहावी. फार वर आणला तर चुंबक तारेलाच ओढतो व स्वर बिघडतो. वेढे वाढविलेला पिकअप जोरकस बोलतो खरा, पण वरचे उपस्वर गिळतो. त्यानें धपधप वाढण्याचाच संभव अधिक.