रस्त्याची बातमी टेलिफोनवर : एक नंबर चालवायला काय काय लागते?

मालाचा भाव विचारल्याशिवाय कोणी बेपारी सौदा करीत नाही. परंतु रस्त्याचा हाल न विचारता माल रवाना करणारे पुष्कळ आहेत. मालेगावहून कापडाच्या गाठी भरून ट्रक भिवंडीकडे निघतो, आणि कसारा घाटात एखादी गाडी उलटलेली असली की आपला ट्रक रात्रभर उभा राहतो. हॉल्टिंगचे पैसे, उशिरा पोहोचलेला माल, पार्टीची नाराजी आणि ड्रायव्हरची जागरणाची रात्र, एवढे सगळे नुकसान होते. निघण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर गाडी चार तास उशिरा सोडता आली असती.

ही माहिती टेलिफोनवर देण्याची मोठी व्यवस्था अमेरिकेने उभी केली. ती कशी उभी राहिली आणि तिच्यात मेहनतीचे काम कोणते, हे समजून घेणे माल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या फायद्याचे आहे.

तीनशे नंबरांऐवजी एक

अमेरिकेत रस्त्याची माहिती फोनवर देण्याची सोय पूर्वीपासून होती. अडचण अशी की प्रत्येक राज्याचा आणि प्रत्येक शहराचा नंबर निराळा. असे ३०० हून अधिक नंबर देशात चालू होते. गावातल्या माणसाला आपला नंबर माहीत असे, पण परगावाहून आलेल्या ट्रकवाल्याने तो कोठून आणावा? म्हणून तेथील केंद्रीय वाहतूक खात्याने मार्च १९९९ मध्ये दळणवळण आयोगाकडे अर्ज केला की साऱ्या देशासाठी एकच तीन आकडी नंबर मिळावा. २१ जुलै २००० रोजी आयोगाने ५११ हा नंबर या कामासाठी राखून दिला.

पहिली सेवा जून २००१ मध्ये सिनसिनाटी शहर आणि त्याला लागून असलेला उत्तर केंटकीचा भाग येथे सुरू झाली. तेथे हीच माहिती आधी २११ या नंबरावर मिळत असे. ऑक्टोबर २००१ मध्ये नेब्रास्का या राज्याने संपूर्ण राज्यात ५११ चालू केला. युटा राज्याने डिसेंबर २००१ मध्ये, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सेवा उघडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ती डिसेंबर २००२ मध्ये आली.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयोगाने नंबर दिला, पण सेवा सुरू करण्याची सक्ती कोणावर केली नाही. नियोजनासाठी केंद्राने राज्यांना थोडी मदत केली. बाकी सेवा उभी करणे, चालवणे आणि तिचा खर्च काढणे ही जबाबदारी राज्यांच्या आणि शहरांच्या वाहतूक खात्यांवर राहिली. म्हणून सारी राज्ये एका दिवशी सुरू झाली नाहीत.

फोन लावल्यावर काय होते?

ग्राहक ५११ दाबतो. टेलिफोन कंपनीचे एक्स्चेंज ते तीन आकडे ओळखून फोन त्या भागाच्या नेहमीच्या लांब नंबराकडे वळवते. तेथे माणूस नसतो, कॉम्प्युटर असतो. कोणता रस्ता, कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत, हे तो विचारतो. ग्राहक बोलून किंवा बटण दाबून उत्तर देतो आणि त्या टप्प्याची ताजी माहिती ऐकतो.

ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्येक पायरीवर अडचणी निघाल्या. एक्स्चेंज एक नसून अनेक, आणि टेलिफोन कंपन्याही अनेक. प्रत्येकीशी बोलून हा नंबर वळवण्याची सोय करून घ्यावी लागली. मोबाइल फोन ज्या टॉवरला लागतो त्यावरून त्याचे ठिकाण ठरते, त्यामुळे दोन राज्यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचा फोन कधी पलीकडच्या राज्यात लागतो. यासाठी शेजारी राज्यांना एकमेकांकडे फोन वळवण्याची व्यवस्था ठेवावी लागली. चालत्या गाडीच्या आवाजात कॉम्प्युटरला बोलणे नीट समजत नाही, म्हणून बोलण्याबरोबर बटणांचाही मार्ग ठेवावा लागला.

खरे काम बातमीचे

नंबर मिळवणे आणि कॉम्प्युटर बसवणे हे काम एकदा केले की झाले. त्या कॉम्प्युटरात दररोज, दर तासाला खरी माहिती भरणे हे मात्र न संपणारे काम आहे. अमेरिकेत ती अनेक हातांनी येते. रस्त्याखाली पुरलेल्या तारा गाड्यांची संख्या आणि वेग मोजतात. कॅमेरे आहेत. रस्त्याच्या कडेला हवामान मोजणारी यंत्रे आहेत. पोलिसांकडून अपघाताची खबर येते. रस्ता दुरुस्त करणारा मुकादम कोणती पट्टी किती वाजेपर्यंत बंद ठेवणार ते कळवतो.

मुकादमाने कळवले नाही तर? किंवा बंद केल्याचे कळवले, पण रस्ता पुन्हा उघडल्याचे कळवायला विसरला तर? मग यंत्र कितीही महाग असो, ते खोटेच बोलणार. कालचा भाव आज सांगणाऱ्या दलालाकडे पेठेत पुन्हा कोणी जात नाही, तसेच या नंबराचे होते. म्हणून तेथील वाहतूक संस्थांच्या संयुक्त मंडळाने मार्गदर्शक नियम काढले, त्यांत माहिती अचूक, वेळेवर, भरवशाची आणि फोन करणाऱ्याच्या उपयोगाची असावी यावर भर दिला. चांगल्या निरोपात चार गोष्टी हव्यात : ठिकाण कोणते, काय झाले आहे, किती वेळ चालेल, आणि पर्यायी रस्ता कोणता. प्रत्येक निरोपाला मुदत हवी. मुदत संपताच तो आपोआप निघाला पाहिजे.

दुसरी कसोटी गर्दीच्या दिवसाची. एरवी फोन थोडे येतात. बर्फाचे वादळ आले की सारे एकाच वेळी फोन करतात, आणि ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी लाइन एंगेज लागते. यावर उपाय म्हणून मोठी बातमी असेल तेव्हा ती फोन लागताच, काही विचारण्याआधी ऐकवतात. बहुतेकांचे काम तेवढ्यात होते, ते फोन ठेवतात आणि लाइन दुसऱ्यासाठी मोकळी होते.

मोबाइलवर नकाशा असताना याची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतही लोक वेबसाइट आणि ॲपकडे वळले आणि काही राज्यांनी फोनची सेवा बंद केली. परंतु नकाशावरची लाल रेघ एवढेच सांगते की गाड्या हळू चालल्या आहेत. उलटलेला ट्रक तासाभरात उचलला जाईल, की दरड कोसळली आहे आणि रात्र जाईल, हे रेघेवरून कळतेच असे नाही. अमुक शहरात जड वाहनांना कोणत्या वेळेत बंदी आहे, हेही मोटारवाल्यासाठी केलेला नकाशा सांगत नाही. ही माहिती रस्त्यावरच्या माणसाकडे असते. तिला वाट करून दिली पाहिजे, मग ती फोनने द्या की ॲपने.

आपल्याकडे केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा टोल-फ्री नंबर सुरू केला. अपघात झाला, गाडी बंद पडली तर मदतीसाठी तो उपयोगी आहे आणि प्रत्येक ड्रायव्हरला तो पाठ असावा. पण यातला फरक ओळखावा. १०३३ मुख्यतः अडचणीत सापडल्यावर लावायचा नंबर आहे. ५११ ची कल्पना अडचणीत जाण्याआधी विचारण्याची आहे.

पेठेने लहान प्रमाणावर करायचे झाल्यास

सरकारची वाट न पाहता एखादी ट्रान्सपोर्ट असोसिएशन किंवा बेपारी मंडळ एका मार्गापुरते हे काम करू शकते. त्याचा क्रम असा असावा :

१. प्रथम एकच मार्ग घ्यावा, ज्यावर आपल्या पेठेच्या सर्वांत जास्त गाड्या चालतात.

२. त्या मार्गावर तीन-चार ठिकाणी भरवशाची माणसे ठरवावीत. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर किंवा घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजात बसणाऱ्यांना रस्त्याचा हाल सर्वांच्या आधी कळतो. त्यांना या कामाचा मोबदला द्यावा. फुकटच्या कामाला कोणी बांधील राहत नाही.

३. ऑफिसात एक रजिस्टर ठेवावे : खबर कोणी दिली, किती वाजता दिली, दुसऱ्या कोणाकडून तिची खात्री केली का, रस्ता केव्हा उघडला.

४. निरोप एका मिनिटाच्या आत संपणारा असावा. तो मराठीत आणि हिंदुस्तानीत असावा, कारण या मार्गावरचे कितीतरी ड्रायव्हर परप्रांताचे असतात. सुरुवातीलाच वेळ सांगावी. माहिती मिळाली नसेल तर तसे साफ सांगावे, अंदाज सांगू नये.

५. फोन ड्रायव्हरने चालत्या गाडीतून करू नये. हातात मोबाइल धरून गाडी चालवणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि घाटात ते जिवावर बेतते. गाडी सोडण्यापूर्वी चौकशी करणे हे ट्रान्सपोर्ट ऑफिसचे काम मानावे.

नंबर जाहीर करण्याची घाई करू नये. आधी महिनाभर नुसते रजिस्टर चालवावे. महिन्याअखेर परत आलेल्या ड्रायव्हरांना विचारून ताडून पाहावे की किती नोंदी खऱ्या निघाल्या आणि किती उशिरा आल्या. ज्या ठिकाणची खबर वारंवार चुकली तेथला माणूस बदलावा. हिशेब समाधानकारक वाटला तरच तो नंबर बिल्टीवर छापून घ्यावा.