उष्टावणानंतरची भूक

उष्टावण झालं की घरात वाटीचा हिशेब सुरू होतो. काल अर्धी वाटी नाचणीची खीर संपवणारं बाळ आज पहिल्याच चमच्याला तोंड फिरवतं आणि आजी दृष्ट काढायला मीठ-मोहरी शोधते. खरं तर सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. बाकीचं काम दूधच करतं. पोटही लहान, वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिली मावेल एवढं. पातळ पेजेनं ते भरतं, पण अंगी फारसं लागत नाही. त्यापेक्षा वरणभात मऊ कुस्करून, तूप घालून, चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतका दाट द्यावा. दात येताना, सर्दीनं नाक चोंदलं असताना किंवा नुकतंच दूध प्यायल्यावर खाणं कमी होतंच. नवी चव तर आठ-दहा वेळा पुढे आल्यावर कुठे पटते. ओठ मिटले, मान वळली की थांबावं. मोबाइल दाखवून घास कोंबणं मला तरी फसवणूकच वाटते. मात्र लघवी कमी झाली, बाळ मलूल दिसलं किंवा वजन वाढेनासं झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.