बाण, बीटल्स आणि मार्माइटची बरणी!

लायब्ररीत तीन कपाटं शेजारी शेजारी उभी आहेत असं समजा. पहिल्यावर पाटी 'मेडिकल इमेजिंग', दुसऱ्यावर 'कॅन्सर उपचार', तिसऱ्यावर 'मध्ययुगीन युद्धकला'. डॉक्टरमंडळी पहिल्या दोनपाशी रेंगाळणार, इतिहासवेडे थेट तिसऱ्याकडे सुटणार. पण खरी धमाल कुठे दडली आहे, माहीत आहे का? या कपाटांच्या मधल्या फटींत! एका कपाटातली गोष्ट गुपचूप दुसऱ्यात शिरते, तिथून तिसऱ्यात. चला, घालू या हात!

पहिला मान बाणाचा. साल 1403, श्रूझबरीची लढाई. इंग्लंडचा सोळा वर्षांचा युवराज हेन्री, आणि त्याच्या चेहऱ्यात डोळ्याखाली घुसलेला बाण. किती खोल? सुमारे सहा इंच! काडी ओढून काढली, पण लोखंडी टोक आतच राहिलं. आज अशा वेळी आधी सीटी स्कॅन होतो. तेव्हा ना स्कॅन, ना एक्स-रे, ना भूल.

मग एन्ट्री झाली सर्जन जॉन ब्रॅडमोरची. त्यानं या एका पेशंटसाठी खास अवजार बनवलं: बारीक पोकळ चिमटा, आणि त्याच्या मधोमध स्क्रू. मधात भिजवलेल्या वाती घालून त्यानं जखम हळूहळू रुंद केली, चिमटा बाणाच्या टोकात सरकवला, स्क्रू आवळला आणि टोक हलवत हलवत बाहेर काढलं. जखम धुतली व्हाइट वाइननं. सुमारे वीस दिवसांत ती भरूनही आली! आपल्याला हे सगळं कळतं कारण ब्रॅडमोरनं ते 'फिलोमेना' नावाच्या आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवलं. डॉक्टरांनी केसपेपर नीट लिहिला की सहाशे वर्षं पुरतो, तो असा.

आणि ट्विस्ट ऐका. हाच पोरगा पुढे राजा हेन्री पाचवा झाला. 25 ऑक्टोबर 1415 ला अॅजिनकोर्टच्या रणात त्यानं फ्रेंचांना धूळ चारली, आणि तीसुद्धा प्रामुख्यानं कुणाच्या जोरावर? धनुर्धारींच्या!

आता या धनुर्धारींच्या हातातलं धनुष्य जरा निरखून पाहा, कारण पुढची उडी जबरदस्त आहे.

इंग्लिश लाँगबो बनायचं 'यू' नावाच्या सूचिपर्णी झाडापासून. या लाकडाची कमाल अशी की त्याचा आतला गाभा दाब सोसतो आणि बाहेरचा फिकट थर ताण सोसतो. दोन्ही थर राखून काठी तासली की स्प्रिंग तयार! इंग्लंडला ही लाकडं इतकी हवी होती की 1472 मध्ये कायदाच आला: बंदरात माल आणणाऱ्या जहाजानं मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्याच. मालाबरोबर अस्त्रं कंपल्सरी! 1545 मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे युद्धजहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्याच्यासोबत शंभराहून जास्त धनुष्यंही मिळाली.

बरं, हे झाड कॅन्सरच्या कपाटात कसं पोचलं, माहीत आहे का?

1962 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलात याच कुळातल्या पॅसिफिक यू झाडाची साल गोळा केली गेली. वनस्पतींमध्ये कॅन्सरविरोधी रसायनं आहेत का, हे धुंडाळण्याची मोठी मोहीम तेव्हा चालू होती. ती साल पोचली नॉर्थ कॅरोलायनातल्या एका प्रयोगशाळेत, मनरो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीकडे. वाणी कुठले? आपल्या नंदुरबारचे! जन्म 1925, शिक्षण मुंबई विद्यापीठात. या जोडगोळीनं सालीतून जे रेणू-रत्न वेगळं काढलं आणि 1971 मध्ये ज्याची रचना जगापुढे मांडली, त्याचं नाव टॅक्सॉल. 1992 मध्ये अमेरिकेत त्याला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. आज पॅक्लिटॅक्सेल या नावानं ते जगभरच्या केमोथेरपी वॉर्डांत ठिबकतं. ज्या धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या मुलांना 'पुढे काय' असा प्रश्न पडतो, त्यांच्या शाळेच्या भिंतीवर वाणींचा फोटो हवाच हवा!

औषधाची चाल तर भलतीच चलाख. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांची चौकट उभी राहते आणि काम झालं की मोडते. टॅक्सॉल ती चौकट अशी घट्ट करून टाकतं की ती मोडतच नाही. पेशी अडकली, विभाजन ठप्प, गेम ओव्हर.

पण अडचण आली. पॅसिफिक यू वाढतो गोगलगाईच्या गतीनं, आणि साल सोलली की झाड मरतं. एका पेशंटसाठी अनेक झाडं जाणार! मग तारणहार कोण? युरोपियन यू! त्याच्या सुयांसारख्या पानांतून मिळणाऱ्या रसायनापासून टॅक्सॉल तयार करता येतं असं दिसून आलं. पानं तोडली तरी ती पुन्हा फुटतात, झाड जगतं. म्हणजे ज्या जातीच्या झाडाची धनुष्यं शतकानुशतकं माणसं पाडत होती, त्याच जातीनं माणसंही वाचवली आणि आपल्या अमेरिकन चुलतभावालाही. 'आय लव्ह यू' म्हणावं ते या झाडाला!

गोगलगाय निघालीच आहे तर एक गंमत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपीय हस्तलिखितांच्या समासात चिलखतधारी सरदार चक्क गोगलगाईशी लढताना दिसतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! का? अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गोगलगाय आघाडीवर.

तिसऱ्या कपाटात आणखी काय काय आहे? तलवारबाजीचं युरोपातलं सर्वात जुनं उपलब्ध पुस्तक चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि त्यातला गुरू कोण, माहीत आहे का? एक पाद्री! शेवटच्या पानांवर तर 'वालपुर्गिस' नावाची बाई तलवार-ढाल घेऊन डावपेच दाखवते. जर्मन तलवारबाज हान्स टालहोफरच्या 1467 च्या सचित्र पुस्तकात नवरा-बायकोचं कोर्टाच्या नियमांनी होणारं द्वंद्व आहे: नवरा कमरेपर्यंत खड्ड्यात, बायको मोकळी, तिच्या हातात कापडात बांधलेला दगड. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून एवढी व्यवस्था!

आणि ही तर माझी फेव्हरिट: 1410 च्या सुमारास युद्धशास्त्रावर गाजलेलं फ्रेंच पुस्तक लिहिणारी व्यक्ती होती क्रिस्तीन द पिझाँ. एक विधवा, लेखणीवर घर चालवणारी. वेढा कसा घालायचा, तोफा किती लागतात, कैद्यांना कसं वागवायचं, सगळं तिनं मांडलं. 1489 मध्ये इंग्लंडचा पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन यानं ते इंग्रजीत आणून छापलं. रणांगण पुरुषांचं, पण रणांगणाचं पुस्तक बाईचं!

युद्धाचं आणि दवाखान्याचं कपाट जिथे एकमेकांना टेकतं, तिथे उभा आहे 'जखमी माणूस'. 1491 मध्ये व्हेनिसला छापलेल्या वैद्यकीय ग्रंथात तो सापडतो. अंगात तलवारी, भाले, बाण, सुरे, सगळं खुपसलेलं, आणि पठ्ठ्या शांतपणे उभा! असली चित्रं काढली जात होती ती भीती घालायला नव्हे. काही हस्तलिखितांत प्रत्येक जखमेपाशी तिच्या उपचाराचा पत्ता दिलेला असे: अमुक जखम, तमुक परिच्छेद. अख्खा माणूसच ग्रंथाची अनुक्रमणिका.

आता मध्ययुगातला राजा थेट स्कॅनरमध्ये! 2012 मध्ये लेस्टरच्या कार पार्किंगखाली एक सांगाडा सापडला. तो होता 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडलेल्या रिचर्ड तिसऱ्याचा. त्याचा सीटी स्कॅन झाला, मायक्रो-सीटी झाला, आणि मृत्यूच्या सुमाराच्या अकरा जखमा मोजल्या गेल्या. त्यातल्या नऊ एकट्या कवटीवर! डोक्यावर शिरस्त्राण नसावं, असा अंदाज त्यावरून बांधता आला. 527 वर्षं 'वेटिंग'मध्ये राहून काढलेला रिपोर्ट.

स्कॅनिंगच्या कपाटाकडे वळू. विल्हेल्म राँटगेन यांना एक्स-रे गवसले नोव्हेंबर 1895 मध्ये. पुढच्या एकाच वर्षात, 1896 मध्ये, या विषयावर हजाराहून जास्त लेख आणि पन्नासच्या आसपास पुस्तकं-पुस्तिका आल्या! व्हायरल होणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या जगाला विचारा. पेटंट मात्र राँटगेननी घेतलंच नाही. किरण सगळ्यांचे.

इमेजिंग आणि युद्ध एकत्र आणणारं पुस्तक कुणी लिहिलं, माहीत आहे का? साक्षात मादाम क्युरींनी! पहिल्या महायुद्धात त्यांनी एक्स-रे यंत्रं मोटारींत बसवून ती आघाडीजवळ नेली. लेक आयरीन किशोरवयातच मदतीला. सैनिकाच्या अंगातली गोळी नेमकी कुठे आहे हे कापण्याआधीच कळू लागलं, जे बिचाऱ्या ब्रॅडमोरला कधीच शक्य नव्हतं. 1921 मध्ये त्यावर त्यांचं 'रेडिओलॉजी आणि युद्ध' हे पुस्तक आलं. त्यांच्या प्रयोगवह्या आजही किरणोत्सारी आहेत, शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच 1600 वर्षं लागतात. हॉट कॉपी म्हणतात ती हीच!

पण या कपाटात एक पुस्तक असं आहे की तिथे आवाज आपोआप खाली येतो. 1936 मध्ये हॅम्बुर्गला एक स्मारक उभं राहिलं, एक्स-रे आणि रेडियमवर काम करता करता प्राण गमावलेल्या डॉक्टर, तंत्रज्ञ, शास्त्रज्ञांचं. सुरुवातीला त्यावर 169 नावं होती, पुढे ती 359 झाली. त्यांच्या आठवणींचा एक सन्मानग्रंथही आहे. आपल्या प्रत्येक निर्धोक एक्स-रेमागे ही माणसं उभी आहेत.

चला, पुन्हा गिअर टाकू! सीटी स्कॅनर बनवला कुणी? बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या इएमआय कंपनीनं! तिथले इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रात पहिला पेशंट गेला 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनमध्ये. 'बीटल्सच्या कमाईतून स्कॅनर झाला' ही गोष्ट सगळे सांगतात, पण ब्रिटिश आरोग्य खात्याचा पैसा त्यात कंपनीपेक्षा जास्त होता. टाळ्या करदात्यांनाही!

एमआरआयची कथा आणखी रंगतदार. रेमंड डमाडियन यांनी आपल्या यंत्राला नाव दिलं 'इंडॉमिटेबल', म्हणजे अजिंक्य. आधी स्वतःच आत बसले, पण देह यंत्राच्या मानानं भारदस्त निघाला, सिग्नलच मिळेना. मग सडपातळ सहकाऱ्याला बसवलं आणि 3 जुलै 1977 ला जवळपास पाच तासांत छातीचं चित्र मिळालं. 2003 मध्ये नोबेल दुसऱ्या दोघांना गेलं, तेव्हा डमाडियन यांच्या बाजूनं वर्तमानपत्रांत पानभर निषेधाच्या जाहिराती झळकल्या!

सोनोग्राफी? ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड. धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राजवळ ते 1955 मध्ये मोटारीच्या डिकीतून ट्यूमर घेऊन गेले, आणि तुलनेसाठी कारखान्यानं ठेवला होता मांसाचा मोठा तुकडा. पुढे असाध्य कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात या तंत्रानं साधी गाठ दाखवली. गाठ काढली, बाई वाचली.

आता कॅन्सरचं कपाट, आणि थेट मुंबई! परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये 1928 पासून लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या अॅनिमियाचा छडा लावत होत्या. उपाय कशात सापडला, माहीत आहे का? ब्रेडला फासायच्या मार्माइटमध्ये! त्या काळ्या लेपातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलिक अॅसिड. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना वाटलं, फोलिक अॅसिडनं ल्युकेमिया भडकत असेल तर ते अडवलं तर? अडवणारं रसायन दिलं आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं. 1948 मध्ये निकाल छापून आला: 16 पैकी 10 मुलांमध्ये सुधारणा. ती तात्पुरती होती, पण ब्लड कॅन्सर औषधाला दबतो हे जगानं पाहिलं. आणि 1941 मध्ये टाटा मेमोरियल उभं राहिलं ते कुठे? त्याच परळमध्ये!

अंगणातली सदाफुलीसुद्धा या कपाटात आहे. कॅनडात तिची पानं तपासायला घेतली होती मधुमेहासाठी. साखर हलली नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या! त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, आणि पाठोपाठ मुलांच्या ल्युकेमियावर चालणारं व्हिनक्रिस्टिन.

शेवटी एक जाडजूड पुस्तक. औषधशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन बसलेलं 'गुडमन आणि गिलमन'. पहिली आवृत्ती 1941. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात या दोघा लेखकांनी युद्धासाठी बनवलेल्या मस्टर्ड गॅसच्या भावंडाला, नायट्रोजन मस्टर्डला, कॅन्सरच्या पेशंटवर वापरून पाहिलं. ट्यूमर विरघळू लागले! युद्धातलं गुपित म्हणून ही बातमी 1946 पर्यंत कुलूपबंद राहिली. आणि माहीत आहे का, 1941 मध्येच गिलमन यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं अल्फ्रेड गुडमन गिलमन, म्हणजे थेट पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचंच! हा मुलगा मोठा होऊन त्याच पुस्तकाचा संपादक झाला, आणि 1994 मध्ये नोबेलही घेऊन आला.