खंडी आणि कँडी

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसली आणि एकदम खुदकन हसली. “आजोबा, कॉटन कँडीचे भाव घसरले म्हणे! म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस स्वस्त झाले का हो?”

सारे घर हसले. हसले नाहीत ते फक्त चोपड्याकडून आलेले आमचे थोरले बंधू. गावी त्यांच्या मागच्या खोलीत यंदाचा कापूस आढ्याला टेकला आहे. भाव चढेल, चढेल म्हणून त्यांनी तो विकलेला नाही. ते एवढेच म्हणाले, “किती घसरले, ते वाच गं आधी.”

नातीला वाटले होते तशी ती छपाईची चूक नव्हती. इंग्रजीत कँडी नावाचे एक जुने वजन आहे. आजच्या लंडनमध्ये कोणाला विचाराल तर तो गोळ्या-चॉकलेटच्या दुकानाकडे बोट दाखवील. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांतून ही कँडी जागोजागी भेटते, आणि ती दुसरी-तिसरी कोणी नसून आपली खंडी आहे. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण आणि सर्वांत वर खंडी, ही माळ आमच्या पिढीने आजीच्या तोंडून ऐकलेली. वीस मणांची एक खंडी. धनगराच्या हिशेबात वीस मेंढरांचीही खंडीच. आणि मोजमाप सुटले की नुसतेच ‘खंडीभर’: खंडीभर पाहुणे, खंडीभर कामे!

पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि ‘कांदिल’ केला. इंग्रजांनी त्याची कँडी केली. यूल आणि बर्नेल या दोघांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानात राहून इंग्रजीत शिरलेल्या शब्दांचा तो संग्रह. त्यात कँडीला स्वतंत्र नोंद आहे आणि तिचे मूळ मराठी-तेलुगू खंडीत, त्यामागे संस्कृत ‘खंड’ म्हणजे तोडणे, भाग पाडणे, असे दिले आहे. गंमत अशी, की गोड कँडीही तिथूनच निघाली. खंड म्हणजे साखरेचा खडा. तो इराणात ‘कंद’ झाला, अरबांबरोबर युरोपात गेला आणि फ्रेंच-इटालियन तोंडांतून इंग्रजीत पोचला. थोडक्यात, नातीच्या विनोदातले म्हातारीचे केस आणि बंधूंचा कापूस हे दूरचे का होईना, पण भाऊबंदच निघाले. (मोल्सवर्थला मराठी कोशाच्या कामात मदत करणाऱ्या आणि मराठीत विरामचिन्हे रुजवणाऱ्या मेजर थॉमस कँडीसाहेबांचा मात्र या भाऊबंदकीशी काही संबंध नाही. ते त्यांचे आडनाव!)

आता हिशेबाकडे वळू. खरी मेख तिथेच आहे. खंडी सगळीकडे सारखी कधीच नव्हती. मद्रासची ५०० पौंडांची, मुंबईची ५६० पौंडांची. मुंबईचा मण २८ पौंडांचा, असे वीस मण. पण त्याच मुंबईत कापसाचा सौदा झाला की खंडी वीस मणांची राहत नसे, अठ्ठावीस मणांची होई, म्हणजे ७८४ पौंड. नाव एकच, वजन माल पाहून बदलायचे. व्यापाऱ्याला हे तोंडपाठ. शेतकऱ्याला किती ठाऊक असेल, कोण जाणे!

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे धावल्या. त्याच दशकात रेल्वे खानदेशात आली. पुढे जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. खंडी मात्र टिकली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, पुढच्या काही वर्षांत शेर, मण, पौंड सारे बाजारातून गेले. खंडीने किलोचा अंगरखा घातला: ७८४ पौंडांचे झाले ३५६ किलो. आजही रुईचा भाव खंडीवरच बोलला जातो. २०२३ पासून मुंबईच्या वायदेबाजारातही कापसाचा सौदा पुन्हा कँडीतच होऊ लागला. इंग्रजांच्या घरी कालबाह्य झालेला शब्द आमच्याकडे रोज सकाळी भाव पुसतो!

पण शेतकरी खंडी विकत नाही. तो सरकीसकट कापूस विकतो, आणि तो क्विंटलवर. बंधूंनी बाजारात “खंडी त्रेपन्न हजार” असे ऐकले होते. तो आकडा मनात धरून त्यांनी किती बेत केले असतील ते त्यांचे त्यांना ठाऊक. धाकटीचे लग्न फाल्गुनात आहे.

नातीने वही घेतली. “मोठे आबा, समजा खंडीला ५३,४०० रुपये. ३५६ ने भागले की किलोला १५० रुपये. पण ही रुई झाली. तुमच्या एक क्विंटल कापसातून रुई निघते किती?”

“चौतीस किलोच्या आसपास. कधी छत्तीस, कधी तेहेतीस.”

“चौतीस धरू. ५,१०० रुपये. आणि सरकी?”

सरकी पासष्ट किलो, किलोला तीस रुपये धरले तर १,९५०. एकूण ७,०५०. त्यातून जिनिंगचा खर्च, घट आणि व्यापाऱ्याचा नफा वजा. एक खंडी रुई भरायला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो, हेही त्या वहीतच निघाले.

बंधू बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उताऱ्यात एक किलो इकडचा तिकडे झाला तर?”

नातीने पेन्सिल टेकवली. एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई आली, तर क्विंटलमागे १२० रुपयांचा फरक. तीस वर्षे ते कापूस घालताहेत. काट्यावर वजन नीट पाहतात, ओलाव्यावरून भांडतात. उतारा किती धरला, हे त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते.

दुपारच्या एस.टी.ने ते परत निघाले, तेव्हा वहीचे ते पान फाडून, चौघडी घालून त्यांनी कोपरीच्या खिशात ठेवले. रात्री फोन आला. ओळखीच्या व्यापाऱ्याला त्यांनी आधी भाव नाही, तर उताराच विचारला होता. “आप्पा, आज खंडीना भाव बी नही इचारा?” असे म्हणून तो हसला म्हणे. कापूस अजून मागच्या खोलीतच आहे. सोमवारी ते आणखी दोन जिनिंगांवर जाऊन येणार आहेत.