पर्सिव्हलने न विचारलेला प्रश्न

पीएचडीला प्रवेश घेण्याच्या तयारीत असाल, तर आधी एक गोष्ट ऐका. क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने ती बाराव्या शतकाच्या शेवटी लिहायला घेतली होती.

पर्सिव्हल रानात वाढलेला पोरगा. नाइट म्हणजे काय, हेही त्याला माहीत नसतं. पहिल्यांदा नाइट भेटतात तेव्हा तो प्रश्नांचा नुसता भडिमार करतो: हा भाला कशाला, ही ढाल कशाला? पुढे त्याला एक गुरू भेटतो. तो शस्त्रविद्या शिकवतो आणि बजावतो, फार बोलत जाऊ नकोस.

मग तो एका जखमी राजाच्या वाड्यात मुक्कामाला येतो. जेवताना समोरून टोकाशी रक्त ठिबकणारा भाला जातो, पाठोपाठ 'ग्रेल' हे रत्नजडित पात्र. हे काय, कोणासाठी, असं त्याला विचारायचं असतं. पण गुरूचं वाक्य आठवतं. सकाळी विचारू, असं ठरवून तो झोपतो. सकाळी वाडा रिकामा! नंतर त्याला कळतं की विचारलं असतं, तर राजा बरा झाला असता.

त्याच्या गप्प बसण्याचं आणखी एक कारण कथेतच येतं: निघताना कोसळलेल्या आईकडे त्याने वळून पाहिलं, पण तो थांबला नाही. तरी मला छळतं ते 'सकाळी विचारू'.

कारण मीही तेच केलंय. पहिल्या वर्षी ग्रुप मीटिंगमध्ये एका सिनियरने आलेख दाखवला. त्यातले एरर बार स्टँडर्ड डेव्हिएशनचे की स्टँडर्ड एररचे, हे मला कळलं नाही. 'एवढं साधं कसं विचारायचं?' म्हणून गप्प बसले. नमुने 9 असतील तर या दोहोंत तिपटीचा फरक पडतो. मी चार महिने माझे निकाल त्या आलेखाशी चुकीच्या पद्धतीने ताडून पाहत होते. चूक माझीच.

नंतरच्या कथांमधला गॅलहॅड निष्कलंक, त्याला ग्रेल मिळतंच. आपल्या कामाचा पर्सिव्हल. वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने तेराव्या शतकात त्याला दुसरी संधी दिली. तिथे तो राजाला त्याचं दुखणं विचारतो आणि राजा बरा होतो.

तेव्हा सेमिनारमध्ये प्रश्न सुचला की लगेच वहीत लिहा आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा. मला ती दुसरी संधी चार महिन्यांनी मिळाली. सिनियर तेव्हा अजून लॅबमध्येच होता, म्हणून.