मोपाचा सडा आणि गुरांचा हिशेब

पशुपालन हा शब्द एकच असला, तरी त्यामागील अर्थव्यवहार देशोदेशी निराळा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात 1874 साली पेटंट मिळालेल्या काटेरी तारेने मोकळी कुरणे बंदिस्त केली, तर अर्जेंटिनातील गोमांस शीतगृहे असलेल्या जहाजांतून युरोपच्या बाजारात जाऊ लागले. तेथे जनावर हा विक्रीचा माल होय. पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर गुरे चरत ती मात्र शेतीचे एक अंग म्हणून.

सडा जांभ्या दगडाचा. माती इतकी पातळ की नांगर चालणे कठीण. जूनच्या सरींबरोबर उगवणारे गवत हेच त्याचे मुख्य पीक, आणि ते दारात आणून देणारे यंत्र म्हणजे गाय! गावठी गाय दूध थोडे देई. तिचे खरे मोल बैलात व शेणखतात होते. पुढे नांगरटीस टिलर आला. टिलरला चारा लागत नाही हे खरे, पण तो शेणही देत नाही, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणी हिशेबात धरली नाही. उतारांवर काजूची लागवड वाढली. अखेर सड्याच्या विस्तीर्ण भागावर विमानतळ उभा राहिला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे उद्घाटन झाले. सड्यावर राहणाऱ्या धनगर कुटुंबांना तत्पूर्वीच अन्यत्र हलवावे लागले होते.

गेलेल्या चराईची किंमत काढणे अवघड नाही. 250 किलो वजनाच्या गायीस दररोज सुमारे 6 किलो सुका चारा, अथवा तितक्या शुष्कांशाचे हिरवे गवत लागते. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे 150 दिवस धरले, तर सडा एका गायीमागे 9 क्विंटल चारा फुकट पुरवीत असे. आपल्या गावातील पेंढ्याच्या दराने यास गुणावे, म्हणजे पशुपालकाचे नुकसान ध्यानी येईल. गोठ्यातच बांधलेल्या गायीस वर्षाला सुमारे 22 क्विंटल लागतात. 400 किलोच्या संकरित गायीस याच्या जवळजवळ दुप्पट चारा, शिवाय खुराक लागतो; दूधही अर्थात पुष्कळ अधिक मिळते.

तेव्हा ज्यांच्या शेतास तिळारी कालव्याचे पाणी पोचते व ज्यांना नेपियर गवत बारमाही घेता येते, त्यांनी संकरित गाय पाळणे रास्त ठरेल. इतरांनी तिच्या मोहात पडू नये, असे आमचे मत आहे. गोव्याची स्वतःची 'श्वेतकपिला' ही पांढरी गाय दमट हवा व हलका चारा सहन करते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

उरलेल्या सड्यावरील गवत बहुधा दिवाळीनंतर, पार पिवळे पडल्यावर कापले जाते. तोवर त्यातील सत्त्व बरेचसे गेलेले असते. फुलोऱ्याच्या वेळी कापणी करावी, हे खरे; परंतु त्या दिवसांत ऊन नसल्यामुळे गवत वाळत नाही, कुजते. यास्तव ते बारीक तुकडे करून, खड्ड्यात दाबून, हवाबंद झाकून त्याचा मुरघास करावा. सुमारे दीड महिन्याने तो गुरांना घालता येतो.